तीन खोल्यांचं इंजिन

घरात बजाजची स्कूटर होती अशा माणसाला कॉम्प्रेशन म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. किकवर पाय ठेवला आणि ती कसलाही अडथळा न होता सरळ खाली गेली, की घरातलं कोणीतरी म्हणायचंच, "हिचं कॉम्प्रेशन गेलं." मग मिस्त्री प्लग काढायचा, भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि आपल्याला किक मारायला लावायचा. हवेच्या जोराने अंगठा उडाला नाही, तर "रिंगा बदलाव्या लागतील" असा निकाल ठरलेला.

कॉम्प्रेशन गेज ही त्या अंगठ्याचीच सुधारून वाढवलेली आवृत्ती. प्लगच्या जागी एक नळी बसवायची, नळीच्या दुसऱ्या टोकाला काट्याचं गोल घड्याळ. स्टार्टर मारला की काटा दोन-चार झटक्यांत वर चढतो आणि तिथेच थांबून राहतो. थांबतो, कारण नळीच्या तोंडाशी टायरच्या ट्यूबला असते तशी एक व्हॉल्व्ह-पिन असते. ती हवा आत जाऊ देते, परत येऊ देत नाही. अमेरिकेत हे गेज विकत घ्यायचीही गरज नाही. ऑटोझोनसारख्या पार्ट्सच्या दुकानात अनामत रक्कम भरायची, गेज घरी न्यायचं, वापरून परत करायचं आणि पैसे परत घ्यायचे. इथे गॅरेजमध्ये मजुरीचा दर तासाला शंभर डॉलरच्या वर असतो. त्यामुळे आपल्याकडे ज्या कामासाठी लोक निवांत मिस्त्रीला हाक मारतात, ती कामं इथे बँकेतले कारकून आणि शाळेतले मास्तर शनिवारी सकाळी स्वतः करताना दिसतात.

हे गेज जगातल्या बहुतेक गाड्यांना चालतं. एका इंजिनाला मात्र ते फसतं. फसतं म्हणजे चुकीचा आकडा दाखवतं असं नाही. दाखवतं तो आकडा खराच असतो आणि तरीही माणूस बुडतो. ते इंजिन म्हणजे वांकेलचं, अर्थात रोटरी. ही फसवणूक समजून घ्यायची तर थोडं मागे जायला हवं.

फेलिक्स वांकेल हा जर्मन माणूस १९०२ साली जन्मला. शिक्षण शाळेपुरतं, विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नाही. नजर इतकी अधू की गाडी चालवण्याचा परवाना आयुष्यात कधी मिळाला नाही. (नाझी चळवळीशी त्याचे जुने आणि गुंतागुंतीचे संबंध होते, तो वेगळा विषय. असो.) त्याच्याबद्दल "वर-खाली होणारा पिस्टन नसलेलं इंजिन शोधणारा" असं लिहिलं जातं, पण माझ्या मते त्याची खरी ओळख दुसरी आहे. हा माणूस मुळात सीलिंगचा होता. महायुद्धाच्या काळात बोडन सरोवराकाठी लिंडाऊ इथल्या त्याच्या कार्यशाळेत विमानाच्या इंजिनांसाठी फिरत्या व्हॉल्व्हचं काम चालायचं, आणि त्यातला कळीचा प्रश्न एकच होता : एकमेकांवर घासत जाणाऱ्या धातूच्या दोन भागांमधून दाबाखालचा वायू निसटू कसा द्यायचा नाही.

१९५१ पासून तो एनएसयू या जर्मन कंपनीबरोबर काम करू लागला. फेब्रुवारी १९५७ मध्ये त्याचं पहिलं इंजिन चाललं. त्यात आतला रोटर आणि बाहेरचं घर दोन्ही फिरायचं, त्यामुळे साधा प्लग बदलायचा तरी इंजिन खोलावं लागे. एनएसयूमधल्या हान्स डिटर पाश्केने बाहेरचं घर स्थिर केलं आणि आज आपण ज्याला रोटरी म्हणतो ते इंजिन तयार झालं. वांकेलला हा बदल फारसा रुचला नव्हता. पण प्लग एका जागी स्थिर झाला. पुढच्या सगळ्या गोष्टीत त्या प्लगच्या भोकाला महत्त्व आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

रचना डोळ्यांसमोर आणा. भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारखी, कमरेत किंचित दबलेली एक पोकळी. तिच्यात बाजू फुगलेला एक त्रिकोण फिरतोय, आणि त्याची तिन्ही टोकं सतत भिंतीला टेकलेली आहेत. त्रिकोणाच्या तीन बाजू आणि भिंत यांच्यामध्ये तीन खोल्या होतात. त्रिकोण फिरतो तशी प्रत्येक खोली लहान-मोठी होत जाते : हवा घेते, दाबते, पेटवते, धूर बाहेर टाकते. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, वर-खाली धडपडणारं काही नाही. त्रिकोणाच्या एका फेरीत मधला दांडा तीन फेऱ्या मारतो. कागदावर इतकं देखणं इंजिन दुसरं नसेल.

अडचण त्या तीन टोकांवर आहे. पिस्टनची रिंग गोल असते, गोल सिलिंडरमध्ये बसते आणि भिंतीशी तिचा कोन कधी बदलत नाही. रोटरीच्या टोकावर मात्र धातूची एक बारीक सरळ पट्टी असते, तिला एपेक्स सील म्हणतात. तिचा भिंतीशी स्पर्श फक्त एका रेषेवर होतो आणि कोन क्षणाक्षणाला बदलत राहतो. शिवाय त्रिकोणाच्या दोन्ही सपाट अंगांना वेगळी साइड सील्स, आणि ती एपेक्स सीलला भेटतात त्या कोपऱ्यांत आणखी छोटी कॉर्नर सील्स. एवढे सांधे, आणि प्रत्येक सांधा म्हणजे गळतीची शक्यता.

एनएसयूची रो ८० ही मोटार १९६७ साली आली, १९६८ ची युरोपातली 'कार ऑफ द इयर' ठरली आणि तिची इंजिनं धडाधड जाऊ लागली. दोन रो ८० समोरासमोर आल्या की मालक एकमेकांना हाताची बोटं दाखवायचे, आतापर्यंत किती इंजिनं बदलली ते, अशी आख्यायिका आहे. वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी जेरीस आली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या छत्राखाली ऑडीच्या संसारात विलीन झाली.

जपानमध्ये, हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कंपनीने (हीच पुढची माझदा, आपल्याकडे हे नाव स्वराज माझदाच्या मिनीबसमुळे ठाऊक) १९६१ साली एनएसयूशी करार केला होता. नमुन्याचं इंजिन घरी आणून चालवलं, तर आतल्या भिंतीवर आडव्या वळ्या उमटलेल्या! कच्च्या रस्त्यावर गाड्या जाऊन जाऊन पडतात तशा. पट्टी भिंतीवरून सरकताना थरथरायची आणि भिंत कोरून काढायची. तिथल्या इंजिनियरांनी या वळ्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' असं नाव दिलं. केनइची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनियरांचा एक विभाग १९६३ मध्ये उभा राहिला. जपानी इतिहासातल्या ४७ रोनिन सामुराईंवरून लोक त्यांना '४७ रोनिन' म्हणत. उत्तर सापडलं ते पट्टीची कंपनसंख्या बदलण्यात आणि कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मिसळून बनवलेल्या नव्या पट्टीत. मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट विक्रीला आली. माझ्यासारख्या पदार्थविज्ञान आणि यंत्रं यांच्या सीमेवर पोट भरणाऱ्या माणसाला ही गोष्ट विशेष प्रिय आहे. अख्खी कंपनी एका पट्टीच्या थरथरण्यावर पणाला लागली होती!

आता अमेरिका. इथे रोटरी माझदाच्याही आधी पोचली होती. न्यू जर्सीतल्या कर्टिस-राइट या विमान-इंजिनांच्या कंपनीने १९५८ मध्येच एनएसयूकडून हक्क घेतले होते. पण सामान्य माणसाच्या घरासमोर रोटरी उभी राहिली ती १९७० नंतर, माझदा इथल्या बाजारात उतरल्यावर. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जनरल मोटर्सने ५ कोटी डॉलरला रोटरीचे हक्क घेण्याचा करार केला. अध्यक्ष एड कोल यांचा या इंजिनावर जीव होता. पुढची दोन-तीन वर्षं इथल्या वर्तमानपत्रांत पिस्टनचे दिवस भरले असं वातावरण होतं.

भरले ते रोटरीचेच. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि सरकारच्या पर्यावरण खात्याच्या चाचणीत माझदाची रोटरी शहरात गॅलनला ११ मैलांच्या आसपास देते असं छापून आलं. म्हणजे लिटरला पाच किलोमीटरही नाही. माझदाने आकड्यावर वाद घातला, पण गिऱ्हाईक वाद ऐकायला थांबत नाही. सप्टेंबर १९७४ मध्ये जनरल मोटर्सने रोटरी पुढे ढकलली, कोल त्याच महिन्यात निवृत्त झाले, आणि ते इंजिन पुन्हा कधी आलंच नाही. सगळ्यात वाईट अवस्था झाली ती अमेरिकन मोटर्सच्या पेसर या गाडीची. ती जनरल मोटर्सची छोटीशी रोटरी मिळणार या भरवशावर आखलेली होती. ऐनवेळी तिच्यात लांबलचक सहा सिलिंडरचं इंजिन कोंबावं लागलं, आणि त्याचा मागचा भाग चक्क समोरच्या काचेखाली गेला. लग्नाचा हॉल ठरला, पंगती मांडल्या, आणि नवरदेव दुसराच!

माझदा मात्र हटली नाही. १९७८ मध्ये आरएक्स-७ आली : हलकी, बुटकी, झोंबरी, आणि तरुणांना परवडेल अशी स्पोर्ट्स कार. तिच्या पहिल्या पिढीच्या साधारण पावणेपाच लाख गाड्या बनल्या आणि त्यांतल्या पावणेचार लाखांहून जास्त एकट्या अमेरिकेत खपल्या. पुढे आणखी दोन पिढ्या, आणि मग २००३ पासून आरएक्स-८. रोटरीचा शोध जर्मनीत लागला, ती घडली जपानमध्ये, पण तिचा खरा संसार झाला तो अमेरिकेतल्या घरांच्या गॅरेजांत. दहा-पंधरा वर्षं जुनी झालेली आरएक्स-७ एकेकाळी इथे विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये यायची. पण इंजिन खोलून नवीन सील्स घालायचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जायचा. म्हणून गाडी घेण्याआधी एकच प्रश्न उरायचा : आतल्या पट्ट्या कशा आहेत?

आणि इथेच ते भाड्याचं गेज फसतं.

पिस्टनच्या इंजिनात एका प्लगच्या भोकामागे एकच खोली असते. काटा जिथे थांबला तो त्या खोलीचा आकडा. रोटरीत एका भोकासमोरून तीन खोल्या आळीपाळीने जातात. व्हॉल्व्ह-पिन असलेलं गेज सगळ्यात मोठा झटका पकडून ठेवतं आणि बाकीचे दोन गिळून टाकतं. तीन भावांपैकी एकाच्याच मार्कांवरून घराण्याची परीक्षा! एक खोली धडधाकट आणि दोन फुटक्या असल्या, तरी काटा "सगळं ठीक" म्हणून ऐटीत उभा राहतो. एका यंत्रासाठी बनवलेलं मोजमाप दुसऱ्या यंत्राचा नेमका जो दोष शोधायचा तोच झाकतं.

माझदाने डीलरांच्या कार्यशाळांसाठी यावर वेगळं उपकरण बनवलं होतं. ते तिन्ही खोल्यांचे आकडे स्वतंत्र देतं आणि सोबत इंजिन किती वेगाने फिरत होतं तेही सांगतं. आरएक्स-८ साठी कारखान्याचे आकडे असे : दांडा मिनिटाला २५० फेऱ्या मारत असताना नव्या इंजिनात साधारण १२० पीएसआय, किमान ९८, एकाच रोटरच्या खोल्यांमधला फरक २१ च्या आत, आणि दोन रोटरमधला १४ च्या आत. (तुलनेसाठी, कारच्या टायरमध्ये आपण ३०-३२ भरतो.) पण ते उपकरण महाग, आणि डीलरकडे जायचं म्हणजे तपासणीचे पैसे आलेच.

घरगुती उपाय त्यामुळे लोकांनीच शोधून एकमेकांना शिकवले. सगळ्यात जुना उपाय कानाचा. प्लग काढायचा, स्टार्टर मारायचा आणि भोकातून येणारे फुत्कार ऐकायचे. फुस्-फुस्-फुस् असा सारखा ताल आला तर उत्तम, फुस्-फुस्-आणि-नुसताच-सुस्कारा आला तर नमस्कार करून निघायचं. दुसरा उपाय त्याच भाड्याच्या गेजचा : हवा सोडायचं बटण दाबून धरायचं, किंवा नळीतली पिन काढून टाकायची. मग काटा थांबत नाही, प्रत्येक झटक्याला उडी मारून खाली येतो. आकडा नाही, उड्या बघायच्या.

पिन काढली की आकडा थोडा खाली येतो, आणि त्याचं कारण सरळ आहे. आरएक्स-८ ची एक खोली ६५४ घनसेंटिमीटरची, दाबाचं प्रमाण दहास एक, म्हणजे पूर्ण दाबल्यावर उरते साधारण ७३ घनसेंटिमीटर जागा. ३० सेंटिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर पोकळीच्या नळीत जवळजवळ ६ घनसेंटिमीटर हवा मावते. म्हणजे खोली परस्पर आठ टक्क्यांनी मोठी झाली. शिवाय काट्याला स्वतःचा जडपणा असतोच. म्हणून या पद्धतीत एकूण आकड्यावर फार भरवसा ठेवू नये. तिन्ही उड्या सारख्या आहेत का, एवढंच विचारावं.

वेगाचाही हिशेब हवा. बॅटरी मलूल असली की दांडा हळू फिरतो, हवेला निसटायला जास्त वेळ मिळतो आणि चांगलं इंजिनही आजारी दिसतं. उंचीचा हिशेब तर हवाच हवा. समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवरच्या डेन्व्हरमध्ये हवाच सुमारे १७ टक्के विरळ, तिथे नवंकोरं इंजिनही १०० च्या आसपास दाखवेल. हे ठाऊक नसलेल्या माणसाने तिथे किती चांगल्या गाड्या नाकारल्या असतील कोण जाणे.

काही वर्षांपूर्वी, मिशिगनमध्ये, प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने जुनी आरएक्स-८ घ्यायचं ठरवलं आणि मला सोबत नेलं. विकणारा गृहस्थ सज्जन होता. त्याने गेजचा फोटोही दाखवला : दोन्ही रोटर १०४-१०५. त्याच्या मते हा भक्कम पुरावा होता, आणि तो खोटं बोलत नव्हता. आम्ही त्याच्याच ड्राइव्हवेत इंजिन गरम केलं, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, इग्निशन कॉइल सोडवल्या, पुढचं डावं चाक काढून प्लगपर्यंत पोचलो. पिन काढलेलं गेज बसवलं. सहकाऱ्याने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला आणि मी फोनवर सेकंदाला २४० चित्रांच्या गतीने काट्याचं चित्रण केलं.

मागच्या रोटरच्या तिन्ही उड्या जवळजवळ सारख्या. पुढच्या रोटरची एक उडी १०० च्या जरा खाली, मग ६८, मग ६६, आणि पुन्हा पहिल्यासारखी. दोन उड्यांमध्ये ५७ चित्रं, म्हणजे मिनिटाला २५० च्या किंचित वर फेऱ्या. बॅटरीला दोष देता येत नव्हता.

एक नाही, दोन खोल्या खाली, यालाही अर्थ आहे. साइड सील एकाच खोलीचं असतं. ते गेलं तर सहसा एकच उडी खुजी होते. एपेक्स सील मात्र शेजारच्या दोन खोल्यांमधली सामाईक भिंत आहे. चाळीत मधली भिंत पडली की दोन्ही बिऱ्हाडं उघडी पडतात, तसं. तिन्ही सारख्याच खाली असत्या तर ती म्हातारपणाची झीज म्हणता आली असती. इथे मात्र बोट एका पट्टीवर जात होतं, तेही इंजिन न खोलता.

विकणाऱ्याने ते चित्रण तीनदा पाहिलं. मग त्याने विचारलं, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पाहू का? टाकलं. तिन्ही उड्या वाढल्या, कारण ऑइल फटी बुजवतं, पण ते जळून जाईपर्यंतच. पिस्टनच्या इंजिनातही रिंगा तपासायला हीच युक्ती करतात, आणि अप्रामाणिक माणूस तिचा उपयोग गिऱ्हाईक येण्याआधी दहा मिनिटं करू शकतो हेही लक्षात ठेवावं.

आरएक्स-८ च्या बाबतीत हा आकडा नुसत्या सौद्यापुरता नव्हता. तक्रारी वाढल्यावर माझदाने २००४ ते २००८ सालच्या अमेरिकेतल्या गाड्यांच्या इंजिनाची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली होती. डीलरच्या उपकरणावर आकडा किमान रेषेच्या खाली आला तर इंजिन फुकट, रेषेच्या वर राहिला तर घरी जा. त्या काळात घरच्या गॅरेजात आधी मोजून मगच डीलरकडे जाणं म्हणजे हजारो डॉलरचा प्रश्न होता. इलेक्ट्रॉनिक्स येणाऱ्या काहींनी पाच व्होल्टवर चालणारा दाबाचा सेन्सर आणि आर्डुइनोचं छोटं बोर्ड जोडून स्वतःची उपकरणं केली. तिन्ही खोल्यांचे आलेख, वेग, उंचीची दुरुस्ती, सगळं. शेवटच्या त्या वॉरंट्या २०१६-१७ च्या सुमारास संपल्या. आरएक्स-८ चं उत्पादन तर २०१२ मध्येच थांबलं होतं. आता ज्याची गाडी, त्याचं इंजिन.

सहकाऱ्याने ती गाडी घेतली, पण इंजिन मेलेलं धरून. फोटोतल्या १०४ च्या भावाने नव्हे, ६६ च्या भावाने. वसंतात इंजिन खोललं तेव्हा मी पाहायला गेलो होतो. पुढच्या रोटरच्या एका एपेक्स सीलचा टोकाचा तुकडा उडालेला होता, नखाएवढा. तो बाहेर जाता जाता भिंतीवर एक लांब ओरखडा काढून गेला होता, म्हणजे ते घरही बदलावं लागलं. जी नवी पट्टी बसवली ती २ मिलिमीटर जाडीची, मूळ होती तशीच. २०२३ मध्ये माझदाने एमएक्स-३० या विजेच्या गाडीत बॅटरी भरण्यापुरती एका रोटरची नवी रोटरी परत आणली. ती अमेरिकेत विकायला आली नाही, पण तिची माहिती वाचताना मी आधी शोधली ती पट्टीची जाडी. अडीच मिलिमीटर केली आहे.